कावळ्याला दिलेला शब्द

घाटाच्या कठड्यावर अकरा कावळे बसले होते. मी ते तीनदा मोजले, कारण दुसरीकडे कुठे बघायची माझी छाती नव्हती. खालच्या पायरीवर केळीच्या पानात पिंड मांडलेले होते. शेजारी दत्तोबा आण्णांना आवडायची म्हणून गुळाची पोळी आणि विडीचं बंडल ठेवलं होतं. पाऊण तास होऊन गेला, ऊन डोक्यावर आलं, आणि अकरांपैकी एकही कावळा पिंडाकडे ढुंकून बघत नव्हता.

"आण्णाचं काय तरी राहिलंय," मागून कुणीतरी म्हणालं.

मग एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. "आण्णा, म्हस इकत न्हाई." "आण्णा, मारुतीच्या देवळाला मूर्ती कबूल केलीतीस, ती पोच करतो." "आण्णा, यंदाचं गणपती येळेवर जातील." कावळे पंख खाजवत बसले. भटजींनी घड्याळात बघून विचारलं, "दर्भाचा कावळा करून शिववू या का? शास्त्रात चालतं."

"दर्भाचा नगं," आण्णांचा पुतण्या बबन म्हणाला. पिंडदान त्यानंच केलं होतं. डोक्याचा तुळतुळीत गोटा, उघडं अंग, तालमीत कमावलेले दंड. "आण्णाचा जीव कशात अडाकलाय ते मला ठावं हाय."

आणि तो वळला तो सरळ माझ्याकडे बघत.

मी कोण, ते आधी सांगायला हवं. मी सुमित्रा पाटणकर, तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणारी बाई. त्या वेळी मी एकोणतीस वर्षांची होते आणि जन्माची भित्री होते. कुत्र्याला भ्यायचे, पट्टेवाल्याला भ्यायचे, एसटीत सुटे पैसे मागायला भ्यायचे. दत्तोबा कुंभार हे वारणेकाठच्या त्या गावात गणपतींचा कारखाना चालवायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. वर्षभरापूर्वी ते हर्डीकर वकिलांकडे मृत्युपत्र करायला आले, आणि ते टाइप करायला कागद माझ्याकडे आला.

टाइप करता करता मी थबकले. शेवटच्या परिच्छेदात माझंच नाव होतं.

"साहेब, हे काय?" मी वकिलांना विचारलं.

"त्यांची इच्छा आहे. तुम्हाला मृत्युपत्राची व्यवस्थापिका नेमतायत ते. त्यांच्या माघारी कागदात लिहिलंय तसं वाटून द्यायचं, बस्स."

"बाईमाणूस चालतं न्हवं त्याला?" आण्णांनी विचारलं.

"न चालायला काय झालं? पुरुष असला तर व्यवस्थापक, बाई असली तर व्यवस्थापिका. काम तेच, आणि जबाबदारीही तीच."

"पण मीच का?" मी म्हणाले. "मी तुमची कोण लागते?"

"कोन न्हाई लागत, म्हनूनच," आण्णा हसले. "बाकीचं मागनं सांगीन."

ते सांगायचं राहूनच गेलं. ज्येष्ठात आण्णा चाकाशेजारी बसल्या बसल्या गेले, आणि वकिलांनी मृत्युपत्राचं पाकीट आणि कारखान्याची एक किल्ली माझ्या हातात ठेवली. तेराव्याचं जेवण झालं की सगळ्यांसमोर कागद वाचायचा होता. त्यात काय आहे ते वकिलांना आणि मला माहीत होतं. कारखाना, साचे आणि मागची खोली हौसाबाईंना. हौसाबाई म्हणजे आण्णांकडे बावीस वर्षं गणपतीचे डोळे आखणारी बाई. नवऱ्यानं टाकलेली, कारखान्याच्या मागच्या खोलीत राहणारी. बबनला शेत होतं. पण कारखाना एसटी स्टँडला लागून होता, आणि तिथं गाळे काढायचं बबननं आण्णांच्या हयातीतच गावभर सांगून ठेवलं होतं.

आण्णा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला होता. बसायला सांगायच्या आत टेबलाच्या कोपऱ्यावरच बसला. टाइपरायटरची एक कळ उगीच दाबून बघितली.

"तुमीच का त्या व्यवस्थापिका?" त्यानं तो शब्द सावकाश, चघळत उच्चारला. "सव्वासहाच्या गाडीनं जाता न्हवं रोज? वडगाव फाट्याला उतरायचं, तिथनं चालत. एकट्याच असता."

तो एवढंच बोलला आणि गेला. त्या दिवसापासून मी फाट्यावरून घरी चालत जायची बंद झाले, पळत जाऊ लागले.

तर असा तो बबन घाटावर माझ्याकडे वळला आणि तीस-चाळीस माणसांच्या माना त्याच्याबरोबर वळल्या. वकिलांनीच मला सांगितलं होतं, दहाव्याला जाऊन तोंड दाखवून या, बरं दिसतं. वरच्या पायरीवर बायकांच्या कडेला हौसाबाई बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

"आण्णानं कागद ह्या बाईंच्या हातात दिलाय," बबन मोठ्यानं म्हणाला. "मग शबुदबी त्यांनीच द्याया पायजे. या बाई, फुडं या."

मी जागची हलले नाही. दोन माणसं बाजूला सरली आणि मला वाट करून दिली. 

"म्हना, आण्णा, कारखाना बबनला देते."

"मला... कागद तेराव्याला..."

"कागदाचं कोन इचारतंय? आण्णाचा जीव घुटमळतोय हितं. म्हना."

सगळे माझ्याकडे बघत होते. खाली नदी, वर माणसं. कुणीतरी मागून चिडून म्हणालं, "म्हना की वो बाई, उनात किती थांबायचं." माझे हात आपोआप जुळले. शब्द बाहेर आले, चांगले स्पष्ट आले.

"आण्णा, कारखाना बबनला देते."

कठड्यावरचा एक कावळा उडाला, पायरीवर उतरला, आणि त्यानं मधल्या पिंडात चोच घातली.

"शिवला," सगळा घाट एकदम म्हणाला. माणसांनी सुटकेचा श्वास सोडला, कुणी हात जोडले, बबननं डोळे पुसले. ते डोळे खरंच ओले होते, ते मी बघितलं आणि मला जास्तच भीती वाटली. मागे वळले तर हौसाबाई पायऱ्या चढून चालल्या होत्या, भिंतीला हात धरत.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आई माझ्याहून भित्री. तिनं आधी देवापुढे निरांजन लावलं, मग बोलली.

"सुमे, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा नसतो गं. आणि कावळा शिवलाय म्हणजे त्यांनी तो घेतलाय."

"पण आई, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय दुसरंच."

"जिवंतपणी लिहिलंय. मेल्यावर माणसाला जास्त कळत असेल."



अकराव्या दिवशी सकाळी लिंबाखाली गेले आणि टाइपरायटरचं कव्हर काढलं, तर आत रुळावर कावळ्याचं पीस. लिंबावर कावळे असतात, पिसं रोजच पडतात. पण कव्हराची नाडी मी आदल्या दिवशी स्वतः दुहेरी गाठ मारून बांधली होती. ते बबनचं काम की आणखी कुणाचं, आणि यातलं कुठलं जास्त वाईट, हे मला ठरवता येईना. मी तशीच हर्डीकर वकिलांकडे गेले.

"कायद्याच्या दृष्टीनं कावळा हा साक्षीदार नाही," वकील म्हणाले. ते हसले, मी हसले नाही. मग तेही गंभीर झाले. "हे बघा, तुम्हाला हे काम नको असेल तर नाकारता येतं. एक अर्ज द्या. कोर्ट दुसरं कुणीतरी नेमेल."

"मग हौसाबाईंना मिळेल ना कारखाना?"

"मिळेल, भांडल्या तर. आठ-दहा वर्षं तारखांना यावं लागेल. तोवर ताबा कुणाकडे राहील ते तुम्हीच ओळखा."

मी नकाराचा अर्ज स्वतःच टाइप केला. सहा ओळींचा होता. सही तेवढी केली नाही. घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

बाराव्या दिवशी दुपारी हौसाबाई कोर्टाच्या आवारात आल्या. त्यांना तिथे मी प्रथमच बघत होते. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. टेबलाजवळ उभ्या राहूनच बोलल्या.

"बाई, कारखान्याची दुसरी किल्ली माझ्याकडं ऱ्हायलीती. ही घ्या. मी भनीकडं जाते उद्या, तेरावं झालं की."

"हौसाबाई, कागदात तुमचं..."

"ठावं हाय मला कागदात काय हाय. आण्णा बोललेलं. पर आता आण्णांनी मन बदाललं. कावळा शिवला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं." त्या फडक्याची गाठ सोडू लागल्या. "तुमचा काय दोष न्हाई. तुमी भ्यालता. मीबी भ्यालते."

मला तोंड वर करवेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आण्णांनी माझं नाव का घातलं, तुम्हाला सांगितलं होतं का हो कधी?"

हौसाबाई पहिल्यांदाच किंचित हसल्या. "सांगितलं की. ते हितं बाकड्यावर बसायचं म्हनं, तुमचं काम बघत. बाकीचं टायपिस्ट अक्षर चुकलं की रबरानं खोडत्यात नायतर वरनं दुसरं मारत्यात. तुमी आख्खं पान फाडता आन् नवं घेता. आण्णा म्हनायचं, ही बाई समद्या जगाला भीती, पर चुकीला लई जास्त भीती. माझा कागद हिच्याच हातात ऱ्हाऊंदे."

किल्ली टेबलावर ठेवून त्या गेल्या. मी रुळावर कोरा कागद चढवला होता तो तसाच राहिला. आण्णांनी मला बरोबर ओळखलं होतं याचा आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. कारण घाटावर माझ्या हातून जे झालं ते रबरानं खोडण्यासारखं नव्हतं, आणि ते तसंच ठेवून खाली सही करायला मी निघाले होते.

तेराव्या दिवशी सकाळी मी आईला न सांगता भात शिजवला. डब्यात भरला, पहिल्या एसटीनं गेले आणि साडेसातला घाटावर पोचले. धुणंवाल्या बायका अजून आल्या नव्हत्या. पायरीवर पान मांडलं, भाताचा गोळा करून ठेवला. बाईनं पिंड ठेवायचे नसतात, मंत्र मला येत नव्हते, आणि आण्णा माझ्या नात्याचेही नव्हते. या तिन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, तरी मी हात जोडले.

"आण्णा," मी म्हणाले, "मी दहाव्याला खोटा शब्द दिला. भीतीनं दिला. तो मागे घेते. कारखाना हौसाबाईंचा. तुम्ही लिहिलंत तसंच करीन."

कठड्यावर कावळे होते. चार होते. माझ्याकडे बघत होते. मी पाच पायऱ्या मागे सरून उभी राहिले. नदीचा आवाज येत होता, मागच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवून गेलं. आठ वाजले. साडेआठ वाजले. एक कावळा खाली उतरला, पानाजवळ आला, मान वाकडी करून भाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि उडून पलीकडच्या काठाला गेला. त्याच्या मागून बाकीचे तिघेही गेले.

 मी आणखी अर्धा तास थांबले. पुन्हा सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, हात जोडून सांगितलं. मग धुणंवाल्या बायका आल्या आणि माझ्याकडे टकामका बघू लागल्या, तेव्हा भात तसाच ठेवून मी निघाले. आईचं म्हणणं खरं होतं. आण्णांनी एक शब्द घेतला होता, आणि दुसरा घेत नव्हते.

तेराव्याचं जेवण कारखान्यातच होतं. पंगती उठल्या, दुपारचे दोन वाजले. आत फळ्यांवर शे-दीडशे गणपती वाळत घातलेले, कुणालाच अजून डोळे नाहीत. त्या सगळ्या बिनडोळ्यांच्या चेहऱ्यांसमोर मला स्टुलावर बसवलं. दारात बबन उभा होता, दाराला पाठ लावून. पर्समध्ये दोन कागद होते. बोटांना नकाराची घडी लागली, पातळ, सहा ओळींची. तिच्यावर सही केली की मी सव्वासहाच्या गाडीनं घरी जाणार होते, आणि पुन्हा कधी पळत जावं लागणार नव्हतं.

मी पाकीट बाहेर काढलं.

वाचताना दोनदा थांबून पाणी प्यावं लागलं. पण एकही शब्द गाळला नाही. "कारखाना, साचे व मागील खोली ही हौसाबाई हिला देण्यात यावी," एवढं वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला.

"बाई," बबन दारातून म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "तुमीच घाटावर कबूल झालासा. कावळा शिवला. समद्यांनी बघितलं."

"शिवला," मी म्हणाले. मी स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "पण आण्णांनी कागदावर कावळ्याचं नाव घातलेलं नाही. माझं घातलंय."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बबन दोन पावलं पुढे आला. तो मारणार असं मला वाटलं, आणि मी डोळे मिटले. पण आवाज आला तो हौसाबाईंचा.

"नगं बाई. मला नगं." त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, कुंचल्यांचा डबा छातीशी धरून. "आण्णांच्या जिवाला घोर लावून मला काय करायचंय कारखाना? त्यांनी कावळ्याच्या तोंडानं सांगितलंय. बबन, घे बाबा तुझं तू."

म्हणजे सगळं संपलं. जिच्यासाठी मी हे करत होते तीच उठून चालली होती. कायदा माझ्या बाजूला होता, पण हौसाबाईंना कायद्याचं काय? त्यांना आण्णा हवे होते. त्या दारापर्यंत पोचल्या, बबननं त्यांना वाट दिली, आणि मला घाटावरची ती मोकळी झालेली वाट आठवली.

"हौसाबाई, थांबा," मी म्हणाले. "मी आज सकाळी घाटावर गेले होते. पिंड ठेवला. आण्णांना सांगितलं, दहाव्याचा शब्द भीतीनं दिला होता, तो मागे घेते, कारखाना हौसाबाईंचाच."

हौसाबाई वळल्या. सगळे वळले.

"मग?" बबननं विचारलं.

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी डोळ्यांत असं बघत होते.

"शिवला," मी म्हणाले.

"कुनी बघितलं?"

"मी बघितलं."

बबन काही बोलणार तेवढ्यात भिंतीशी बसलेली त्याची म्हातारी आई, आण्णांची भावजय, हात हलवून म्हणाली, "गप रं. कोर्टात बसनारी बाई हाय ती, पिंडाचं खोटं कशाला बोलंल?"

 हौसाबाई खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडायला लागल्या. मी उठले, त्यांच्याजवळ गेले आणि दोन्ही किल्ल्या त्यांच्या कुंचल्यांच्या डब्यात ठेवल्या.  बबन चपला घालून निघून गेला.

पुढची वर्षं कशी काढली ते माझं मला माहीत. फाट्यावरून मी आणखी दोन वर्षं पळतच जात होते. बबननं मला काही केलं नाही. पण मला बबनची भीती तेवढी नव्हती. कठड्यावर कावळा दिसला की मी रस्ता बदलायचे. आईला मरेपर्यंत सांगितलं नाही. दरवर्षी आषाढात हौसाबाई पहिल्या गणपतीचे डोळे आखायला बसल्या की मला बोलावून घ्यायच्या, आणि म्हणायच्या, "बाई, तुमी त्या दिशी घाटावर गेला नसता तर..." मी चहाच्या कपात बघत बसायचे.

हौसाबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांनीही मृत्युपत्र केलं होतं, आणि व्यवस्थापिका म्हणून पुन्हा माझंच नाव घातलं होतं. कारखाना त्यांनी बबनच्या सुनेला दिला. बारा वर्षं ती त्यांच्या हाताखाली डोळे आखत होती.

दहाव्याला मी घाटावर गेले. आता माझे गुडघे दुखतात, तरी पायऱ्या उतरून खालपर्यंत गेले. पिंड मांडलेले होते आणि कावळा शिवत नव्हता. सून कबूल झाली, कारखाना बंद पडू देणार नाही. शेजारणी कबूल झाल्या. बबन काठी टेकत पुढे आला, म्हणाला, "हौसाबाय, चुकलं-माकलं असंल ते पोटात घाल." कावळे कठड्यावर बसून राहिले. भटजी दर्भाचं बोलू लागले.

तेव्हा मी पुढे झाले. कुणी वाट करून द्यायची वेळ येऊ दिली नाही. पानाजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "हौसाबाई, त्या दिवशी घाटावर कावळा शिवला नव्हता. मी तुमच्याशी खोटं बोलले."

मी नीट उभी राहायच्या आत पंखांचा वारा माझ्या हाताला लागला.

"शिवला," मागून माणसं म्हणाली. बबन काठी टेकत जवळ आला. "एवढा येळ बसल्याली पाखरं," तो म्हणाला. "असं काय सांगितलंसा बाई?"

"खरं सांगितलं," मी म्हणाले.